रोजच्या वापराला अँगस

॥ श्री महांकाळेश्वर प्रसन्न ॥

उज्जैन,
२३ सप्टेंबर १९५६

चि. यज्ञू यास अक्काचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. फ्लोरा आणि बाळ खुशाल असतील. इकडे सगळं ठीक. पाऊस गेला, डास राहिले.

"परत यायचं ते मी माझ्या हातानं लिहून बोलवीन तेव्हाच." सात वर्षांपूर्वी स्टेशनावर बापू तुला हे म्हणाले होते. तेवढ्यात गार्डाची शिट्टी झाली. मला अजून वाटतं, त्यांचं बोलणं संपलं नव्हतं, पुढे काहीतरी मऊ यायचं होतं. पण गाडी हलली आणि तू तेवढंच घेऊन ग्लासगोला गेलास. आज हे आठवायचं कारण म्हणजे तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी असतं ते वाक्य याही पत्रात आहे : "बापूंनी काही लिहिलं का?" नाही लिहिलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आधी तुझ्या कार्डानं काय गोंधळ घातला तो ऐक.

कार्ड छान आहे. जाड कागद, निळी कड. पोस्टमन आला तेव्हा बापू ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. हल्ली टपाल ते माझ्याकडूनच वाचून घेतात. म्हणतात, "मोठ्यानं वाच, मास्तरणीचा आवाज खणखणीत हवा." मी वाचलं की अमुक तारखेला मुलगा झाला, वजन चांगलं आहे, नाव गोपाळकृष्ण अँगस.

अडकित्ता थांबला.

"काय नाव म्हणालीस?"

"गोपाळकृष्ण."

"आणि मी कुठे गेलो?"

"बापू, तुमचंच नाव ठेवलंय. मान दिलाय तुम्हाला."

"मान मेलेल्याला देतात. जिवंत आजोबाचं नाव नातवाला ठेवलेलं तू अख्ख्या माळव्यात कुठे पाहिलंस? तिकडे माझं तेरावंसुद्धा उरकलं असेल. जेवायला काय केलं होतं तेवढं विचार त्याला."

मग मी फ्लोराची चिठ्ठी वाचली. तिच्याकडे म्हणे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं. आजोबा जिवंत असले तर उत्तमच, तेवढेच खूश होतात. दुसरा मुलगा होईल न होईल म्हणून तिनं तिच्या वडिलांचं अँगस हेही नाव आताच मागे जोडून टाकलं. तेही हयात आहेत आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत. बिचारी लिहिते, "बापूंना आनंद होईल ना?" यज्ञू, तू इथे वाढलास. तुला माहीत होतं. तू काय करत होतास? तुझी इंजिनं?

इथवर घरातल्या घरात होतं. पण तू तेच कार्ड देवासला शोभालाही पाठवलंस. आपली ही चुलत बहीण किती हळवी आहे ते तुला ठाऊक आहे. तिनं नाव वाचलं आणि नातवाचं नाव गोपाळकृष्ण म्हणजे काका गेले असा सरळ हिशेब केला. डोक्यावरून आंघोळ केली, केलेला शिरा झाकून ठेवला आणि बस धरली. गल्लीच्या तोंडापासूनच तिचा गळा सुरू झाला. शेजारचे भय्यासाहेब हातातला पेपर टाकून धावत आले. बापू ओट्यावरच होते.

"कोण रडतंय? गेलं कोण?" बापूंनी विचारलं.

शोभा त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी. तिनं पाहिलं आणि किंचाळली, "अगंबाई, काका!"

"आवाज ओळखीचा वाटतो. देवासची काय? ये. गेलं कोण पण?"

"तुम्हीच!"

"अच्छा," बापू म्हणाले. "मग बस जरा. चहा घेऊन जा. सुतकात चहा चालतो."

(ऊन डोळ्यांवर होतं म्हणून त्यांनी तिला लगेच ओळखलं नाही.) नंतर शोभाच रुसली. "एवढी रडले मी, ती काय फुकट?" बापू म्हणाले, "फुकट कसं? आगाऊ जमा. वेळ आली की तू यायचं नाही." ती संध्याकाळपर्यंत हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती.

फोटो पोचला. बापूंनी बराच वेळ हातात धरला. "कपाळ माझं आहे," म्हणाले. मी हळूच फोटो सुलटा करून पुन्हा त्यांच्या हातात दिला. "हनुवटीही," ते म्हणाले.

आता त्यांचा राग उतरलाय, पण एक गोष्ट राहिलीय. "अँगस म्हणजे काय? नावाला अर्थ नसला तर ते नाव नव्हे, नुसती हाक." तेव्हा फ्लोराला विचारून कळव.

आणि नाव ठेवायचं काम आत्याचं असतं, हे मी तुला सांगायला नको. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. घेतलं असतं तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं.

तुझी,
अक्का


॥ श्री महांकाळेश्वर प्रसन्न ॥

उज्जैन,
१४ ऑक्टोबर १९५६

चि. यज्ञू यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. "बापूंना वाईट वाटलं असेल तर त्यांनी तसं स्वतः लिहावं," हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही. खाली पडलं असं समजून ओलांडून पुढे गेले. आणि अर्थाचं काय, तर फ्लोरा म्हणते नाव म्हणजे नाव, तिच्या आजोबांच्याही आजोबांचं तेच होतं. हे उत्तर बापूंपुढे कसं न्यायचं?

म्हणून परवा शाळा सुटल्यावर फ्रीगंजला मिस मॅकायकडे गेले. आठवते का? मिशनच्या शाळेत होती, तुला सायकलवरून पाडलं होतं तीच उंच बाई. आता निवृत्त आहे. टॉवरच्या मागच्या गल्लीत राहते, कोंबड्या पाळते आणि सगळ्या गल्लीशी आपल्या हिंदीत भांडते. मी म्हटलं, माझ्या भाच्याचं नाव अँगस आहे. तिच्या हातातली दाण्यांची वाटी तशीच राहिली.

"तुम्हारे घर में अँगस? बाम्हन के घर में?" आणि असं हसली की कोंबड्या पांगल्या.

मग तिनं मला बसवलं. हे नाव इंग्रजांचं नाही, हे ती तीनदा बजावून म्हणाली. मी विसरले तर पाप लागेल अशा सुरात. स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या आणि बेटांवरच्या जुन्या बोलीतलं आहे. त्यात दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ एक, दुसऱ्याचा निवड. काही लोक दुसऱ्याचा अर्थ बळ असाही लावतात. म्हणजे एकच निवड, किंवा एकवटलेलं बळ. त्या बोलीत ती ते नाव घशाच्या तळातून काढते; मी म्हणून पाहिलं तर तिनं मला पाणी आणून दिलं.

त्यांची एक जुनी गोष्ट आहे. तीन भाऊ होते. समुद्राच्या अलीकडे आयर्लंड, पलीकडे स्कॉटलंड. ते होड्यांत बसून पलीकडे गेले आणि तिथेच राज्य मांडलं. त्यातल्या एकाचं नाव अँगस, त्याच्या वाट्याला एक बेट आलं. त्या नावाचे पुढे राजेही झाले. आणि त्याच्याही आधी, आयर्लंडात त्या नावाचा एक देव होता, तारुण्याचा. त्याच्या डोक्याभोवती चार पक्षी उडत असत. ते पक्षी म्हणजे त्याच्या पाप्या होत्या असं ती म्हणाली आणि स्वतःच लाजली. हे मी बापूंना सांगितलेलं नाही. चार पक्षी एवढंच सांगितलं.

निघताना मिस म्हणाली, "हमारा भाई भी अँगस था." मग दाराशी उभी राहून तिनं ते नाव एकदा मोठ्यानं घेतलं, पोराला जेवायला हाक मारतात तसं. बऱ्याच वर्षांत घेतलं नसावं.  तिनं मला चार अंडी दिली. आपल्या घरात ती कुठे नेऊ? टांगेवाल्याला दिली. तो म्हणाला, "बैनजी, रोज आया करो."

घरी सगळं सांगितलं. भय्यासाहेब होतेच. बापूंनी डोळे मिटून ऐकलं.

"एकच निवड," ते म्हणाले. "म्हणजे बापावर गेलाय. ह्यालाही दुसरं काही सांगून उपयोग नाही." मग थोड्या वेळानं, "तीन भाऊ, पाण्यापलीकडे गेले, राज्यं वाटून घेतली. हे तर शिंदे, होळकर, पवार झाले! नर्मदा ओलांडूनच आले ना सगळे? आपला मूळ पुरुष त्यांच्याच फौजेमागून आला, दफ्तरं घेऊन. वाईला त्याचा बाप म्हणाला असेल, मी बोलवीन तेव्हाच ये."

"मग बोलवलं का त्यानं?" मी विचारलं.

"आपण उज्जैनला आहोत यावरून काय ते समज."

मी आत जाऊन भाजी फोडणीला टाकली. दुसरं काय करणार होते?

इतक्यात भय्यासाहेबांना आठवलं. ते शेतकी खात्यात होते, हे त्यांना अधूनमधून आठवतं. "बापूसाहेब, पण अँगस ही तर गुरांची जात! मी पुस्तकात चित्र पाहिलंय. काळीभोर, बिनशिंगाची, इकडून तिकडे नुसती पेटी. तिकडे ती पाळतात ते..." मी धावत येऊन त्यांच्या हातात चहाची बशी दिली. गरम होती. पुढचं वाक्य चहात गेलं.

बापूंनी विचार केला. "गोपाळकृष्णाबरोबर गुरं असायचीच," म्हणाले. "जोडी बरोबर आहे."

एवढ्यावर सुटलं असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांना नवीनच सुचलं. "त्या सुनेला सांग, सासऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये. तुझ्या माईनं कधी माझं नाव घेतलं नाही, आणि ही दिवसातून पन्नासदा घेणार. बरं, घेऊन म्हणणार काय? गोपाळकृष्ण, तोंड पुस. गोपाळकृष्ण, मांडीवर शी केलीस. मी इथे बसून ऐकायचं?"

"इथवर ऐकू येत नाही, बापू."

"मला येतं," ते म्हणाले.

तेव्हा निकाल असा झालाय आणि तो मी शब्दशः उतरवते आहे : "रोजच्या वापराला अँगस. गोपाळकृष्ण मी अजून वापरतोय. माझं झालं की पाठवीन."

हे फ्लोराला समजावून सांग. हसेल. हसू दे.

पुढच्या महिन्यापासून पत्त्यावर मध्यभारत लिहू नकोस, आता मध्यप्रदेश. राजधानी भोपाळ. शाळेत माझ्या भूगोलाच्या तासाला नकाशा अजून जुनाच टांगलेला आहे. मुली विचारतात, बाई, आपण नक्की कुठे आहोत? बापू म्हणतात, "ग्वाल्हेर सरकारात नोकरी केली, मध्यभारतात पेन्शन खाल्ली, आता मध्यप्रदेशात बसून आहे. मी ह्या ओट्यावरून हललो नाही. राज्यांचीच बारशी होतायत."

बारसं म्हटल्यावर गप्प झाले. काहीतरी शिजतंय.

तुझी,
अक्का


॥ श्री महांकाळेश्वर प्रसन्न ॥

उज्जैन, मध्यप्रदेश,
४ नोव्हेंबर १९५६

चि. यज्ञू यास अनेक आशीर्वाद. दिवाळी झाली. चकल्या बिघडल्या, शोभानं बिघडवल्या, नाव माझं झालं.

तुझ्या मुलाचं बारसं आम्ही केलं.

बापूंचं म्हणणं सरळ होतं. "आत्या इथे, पाळणा इथे, शेजारच्या बायका इथे. पोर तेवढं तिकडे. एका पोरासाठी अडवून ठेवायचं?" मुहूर्त त्यांनी पहिली तारीख धरली, नव्या राज्याचीच. "सरकारही बारसं करतंय, त्यांच्याकडेही पाळण्यात काय आहे कुणी पाहिलंय?" माळ्यावरून आपला पाळणा काढला, ज्यात मी झोपले आणि मग तू. एक कडी गंजली होती, भय्यासाहेबांनी तारेनं बांधली.

बाळाआधी पाळण्यात वरवंटा ठेवतात, तो आपल्याकडे होताच. मग बाळाविना नुसता वरवंटा. मी त्याला भैरवगढ़च्या छापाची टोपी शिवली होती, तुमच्या पार्सलात पाठवली तिच्याच कापडाची. (फ्लोरा लिहिते की त्यावरची कोयरी तिच्या शेजारच्या गावच्या नावानं ओळखतात. भैरवगढ़च्या कापड छापणाऱ्या छिप्याला हे कळलं तर तो भांडायला ग्लासगोला येईल.) मिस मॅकायही आली, रेशमी झगा घालून. पाळण्यात पाटा-वरवंट्यातला वरवंटा पाहून तिनं फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या टोपीची नाडी नीट बांधली.

पाळण्याच्या वरून एकीनं द्यायचं, खालून दुसरीनं घ्यायचं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." माईच्या वेळी आपल्याकडे गोपाळ नसायचा. ती म्हणायची, "कुणी गोविंद घ्या, कुणी आणखी गोविंद घ्या," आणि बायका पदरात तोंड घालून हसायच्या. या वेळी वरवंटा शोभाच्या हातात होता. तिला भान राहिलं नाही. "कुणी गोपाळ घ्या," ती म्हणाली.

आणि बापूंनी हात पुढे केले.

पुरुषांचं काम नव्हे ते. तरी शोभानं तो दगड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्यावरून हात फिरवला. टोपी सापडली, नाडी सापडली. "वजन बरं आहे," म्हणाले. सगळ्या हसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "टोपीवर काय छापलंय गं?"

टोपी त्यांच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होती. दुपारचं लख्ख ऊन खोलीत होतं.

यज्ञू, आता लिहिते. त्यांनी मला शपथ घातली आहे, ती मोडते.

बापूंना दिसत नाही. काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी आधी डावा डोळा गेला, मग उजवा. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. सुपारी बोटांच्या अंदाजानं कातरतात, माणसं आवाजानं ओळखतात, आणि गल्लीत अजून कुणाला नीट ठाऊक नाही, इतके ते यात हुशार झालेत. टपाल मी वाचते ते माझा आवाज खणखणीत राहावा म्हणून नाही. तुझ्या मुलाचं कपाळ त्यांनी पाहिलेलं नाही.

श्रावणात एका दुपारी त्यांनी मला दौत-टाक मागितला. कुणाला लिहायचंय ते मी विचारलं नाही. सुभ्याच्या कचेरीत नवीन कारकुनांना त्यांचं अक्षर दाखवायचे, तू ऐकलंच आहेस. माझ्याकडे पाठ करून बसले आणि लिहू लागले. पहिली ओळ सरळ गेली. दुसरी तिच्यावरच चढली. पुढची सुरू करताना बोटांना ओली शाई लागली, तेव्हा त्यांना कळलं. "कागद खराब आहे," म्हणाले, आणि मला चुलीत घालायला दिला. मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हणाले, "माझ्या हातानं म्हटलं होतं. शब्द आहे." तू त्यांचाच मुलगा, तुला ते पटेल. तीच पंचाईत आहे.

वरवंट्याच्या कानात नाव मीच सांगितलं. आत्याचा हक्क होता, बजावला. एक नाव मी तुझ्या लग्नाच्याही आधीपासून राखून ठेवलं होतं. ते ओठांवर आलंही होतं. पण पाळण्याशी वाकले आणि तोंडातून अँगसच निघालं, मिस मॅकाय म्हणते तसं, घशाच्या तळातून. ती मागे उभी होती. माझ्या पाठीवर तिचा हात पडला. माझं राखलेलं नाव पुढच्या वेळेला.

बायका घुगऱ्या घेऊन गेल्या तरी बापू तो दगड मांडीवर घेऊन बसले होते. चटणी वाटायची होती, मला हवा होता. "थांब," म्हणाले, "झोपलाय." मग स्वतःच हसले. त्या दिवशी आम्ही चटणीशिवाय जेवलो.

तेव्हा ऐक. ज्या पत्राची तू वाट पाहतोस ते येणार नाही. येऊच शकत नाही. तू त्याच्याशिवाय ये. पोराला घेऊन, फ्लोराला घेऊन, कुणी बोलावलेलं नसताना ये. मी तुला कळवलं हे त्यांना सांगू नकोस. रजा मिळाली, सहज आलो असं सांग. ते आधी रागावतील. मग पोराला मांडीवर दे आणि गप्प बस. बोटांनी ते सगळं पाहून घेतील, कपाळसुद्धा.

तू नाही म्हणशील. आधी शब्द, मग रजा, मग बाळ लहान आहे, सगळी कारणं मला पाठ आहेत, मीच तुला वाढवलंय. तरी मागते. गोपाळकृष्ण हे नाव अजून वापरात आहे. आहे तोवर ये.

तुझी अक्का,
आणि अँगसची आत्या,
अहल्या